जांबोटी-कणकुंबीच्या रानात राहायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या या योग-आयुर्वेदाच्या मुक्कामाबद्दल फोनवर आणि व्हॉट्सॲपवर रोज तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. काही उत्तरं वाचून तुमचा बेत बदलला तरी आमची हरकत नाही. इथं येऊन दोन दिवस तोंड पाडून बसण्यापेक्षा ते बरं.

हे रिसॉर्ट आहे का?

नाही. स्विमिंग पूल नाही, टीव्ही नाही, डीजे नाही. जांभ्या दगडाच्या भिंतींची मोजकी कौलारू घरं, एक मोठी पडवी, एक स्वयंपाकघर आणि उपचारांच्या खोल्या. सकाळी योगासनं, नंतर तेल-शेक, वेळेवर साधं जेवण, रानातून चालणं आणि रात्री लवकर झोप, असा दिवस असतो. जोडून सुट्टी आली की 'आम्ही पंधराजण आहोत, एक रात्र राहू' असे फोन येतात. त्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. किमान तीन रात्री राहणाऱ्यांनाच आम्ही घेतो, कारण पहिला दिवस शहर डोक्यातून उतरण्यातच जातो.

नेमकं कुठं आहे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, बेळगाव–चोर्ला–पणजी रस्त्यावर, जांबोटी आणि कणकुंबीच्या दरम्यान मुख्य रस्ता सोडून आत. मलप्रभा कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादईही याच तालुक्यातली, पण ती पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांकडे जातं. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण किती वर्षं चाललंय ते तुम्ही पेपरात वाचताच.

कधी यावं?

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. बेळगाव जिल्हा म्हटलं की लोक हवामानाच्या ॲपवर 'बेळगाव' टाकून बघतात आणि फसतात. अथणी-रायबागकडे वर्षभरात जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट, आणि कणकुंबी-आमगाव पट्ट्यात शहराच्याही कितीतरी पट. जुलैत इथं पाऊस 'येत' नाही, तो असतोच. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर दोन रात्रींत बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या भिंगात ओल शिरते. ज्यांना हे आवडतं त्यांना बाकीचं वर्ष फिकं वाटतं. ज्यांना नाही आवडत त्यांनी जून ते सप्टेंबर इकडं फिरकू नये.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सुचवतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा स्वेटर आणा. 'उष्ण प्रदेश आहे ना' म्हणून नुसते टी-शर्ट घेऊन येणारे पाहुणे मग आमच्या घोंगड्यांत गुंडाळलेले दिसतात. एप्रिल-मे हा करवंदं, जांभळं, फणस, काजू आणि रातांब्यांचा मोसम. दुपारी उकडतं, पण झाडाखाली सुसह्य. मेच्या शेवटी, पहिल्या वळवानंतर, काजवे दिसतात. ते कोणत्या रात्री दिसतील याची हमी मागू नका.

कसं यायचं?

रेल्वेनं बेळगाव किंवा खानापूर. विमानानं सांबरा. गोव्याकडून येणारे साखळी–चोर्ला घाट–कणकुंबी असे चढून येतात. पुण्याकडून गाडीनं येणार असाल तर कोल्हापूर-निपाणीवरून हायवेनं बेळगाव आणि तिथून जांबोटी रस्ता. बेळगावच्या बस स्टँडवरून जांबोटी-कणकुंबीकडे एसट्या आहेत. त्या कर्नाटक परिवहनच्या असल्या तरी बोलताना आम्ही त्यांना एसटीच म्हणतो. फाट्यावर उतरलात की आमची जीप येते, फक्त निघताना कळवा.

दोन सूचना. घाटरस्त्याची अवस्था पावसाळ्यात दर आठवड्याला बदलते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. नकाशाचं ॲप कधीकधी जवळची वाट म्हणून जंगलातली बैलगाडीची वाट दाखवतं, तिकडं वळू नका. दुसरी सूचना महाराष्ट्रातून बसनं येणाऱ्यांसाठी: सीमाप्रश्न तापला की सर्वांत आधी आंतरराज्य बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये असंच झालं, फेब्रुवारी २०२५ मध्येही. तशा वेळी रेल्वे चालू असते. आणि १ नोव्हेंबरला बेळगाव शहरातून प्रवास टाळता आला तर टाळा. एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव (स्थापना दिन), दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, रस्ते बंद.

कन्नड येत नाही. अडेल का?

गावात नाही. इथली घरं मराठी बोलतात, शेजारी कोकणी आणि कन्नडही ऐकू येते, आणि एकाच वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणाला काही वाटत नाही. बसच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, आकडेसुद्धा. कंडक्टरला 'अण्णा, जांबोटी?' एवढं विचारलं की काम होतं. स्वयंपाकघरातल्या बायकांना अक्का किंवा मावशी म्हणा. 'एक्सक्यूज मी' म्हटलं तर त्या मागं वळून बघतात की कोण आलंय.

'निसर्गपूरक' म्हणता, म्हणजे नेमकं काय करता?

हा प्रश्न विचारणारे पाहुणे आम्हाला आवडतात. दारात बांबूचा दिवा टांगून आणि खोलीला झाडाचं नाव देऊन कुणी निसर्गपूरक होत नाही. आमच्याकडेच नव्हे, कुठंही जाल तिथं तीन गोष्टी विचारा: मैलापाणी कुठं जातं, एप्रिलमध्ये पाणी कुठून येतं, आणि कामाला कोण आहे. आमची उत्तरं अशी.

संडासाचं पाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जातं, आणि तो खड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला आहे. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून केळीला जातं. ओला कचरा आणि शेण गोबरगॅसला, तिथली मळी शेतात. सुका कचरा मात्र आम्ही जिरवू शकत नाही, तो पोत्यात भरून बेळगावला जातो. म्हणून वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, ओल्या वाइप्सची पुडकी तुम्ही आणलीत तर ती परत तुमच्याच बॅगेतून जातील, हे आधीच सांगतो. प्लास्टिक पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, आमच्या आवारात पाळली जाते.

पाण्याचं ऐकून लोक हसतात: इतका पाऊस आणि टंचाई? पण जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, पाणी धरत नाही. पावसाळ्यात कोसळलेलं पाणी ओढ्यांनी बघता बघता खाली उतरतं आणि मार्चनंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो. आम्ही छपराचं पाणी टाक्यात साठवतो, उतारावर चर खणलेत, तरीही एप्रिल-मेत माणशी दोन बादल्यांचा हिशोब असतो. टँकर मागवून शॉवर चालू ठेवणं आम्हाला जमलं असतं. पण तो टँकर ज्या विहिरीवरून भरतो ती कुणाच्या तरी वाडीची असते.

आणि माणसं. स्वयंपाक, साफसफाई, वाटाडे, जीप, सगळे आजूबाजूच्या वाड्यांतले आहेत. त्यामुळे जुलैत भाताची लावणी सुरू झाली की निम्मी माणसं शेतात असतात आणि चहा दहा मिनिटं उशिरा येतो. तो तसाच येणार.

वीज, गरम पाणी, एसी?

एसी नाही, लागतही नाही. हेस्कॉमची (सरकारी वीज कंपनीची) लाइन आहे, पण वादळी पावसात झाड पडलं की एक-दोन दिवस वीज जाते. छपरावर सोलर आहे. फेब्रुवारीत त्यावर सगळं चालतं, जुलैत ढगांमुळे जेमतेम दिवे, पंखा आणि मोबाईल चार्जिंग. सोलरवर बारमाही सगळं चालतं असं या पट्ट्यात कुणी सांगितलं तर त्याला पावसाळ्यातलं बिल दाखवायला सांगा. हेअर ड्रायर, इस्त्री, इलेक्ट्रिक किटली लावू नका. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापतं, वाळक्या फांद्या आणि काजूच्या काटक्यांवर. सकाळी साडेसहाला बंब पेटतो. नऊनंतर गरम पाणी मागितलंत तर पुन्हा जाळ घालावा लागतो, तेवढं समजून घ्या.

झोपेत श्वासासाठी मशीन वापरत असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, त्या खोलीला वेगळी बॅटरी जोडून देतो. इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज आहे आणि तो कधी बंद पडू देत नाही.

आपला साबण-शाम्पू चालेल?

साधा साबण चालेल. फिनेल, ब्लीच, ॲसिड चालणार नाही: सेप्टिक टँकमधले जिवाणू त्यानं मरतात आणि मग टाकी कुजण्याऐवजी तुंबते. शिकेकाई आणि रिठा न्हाणीत ठेवलेला असतो. तेल लावल्यावर अंगाला चोळायला बेसन-मुगाचं पीठ देतो.

तीन दिवसांत पंचकर्म होईल का?

होत नाही. इथं नाही आणि कुठंच नाही. वमन (औषधानं उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. त्यांच्याआधी स्नेहन (पोटातून आणि अंगाला तेल-तूप) आणि स्वेदन (शेकून घाम आणणं) करावं लागतं. पोटात तूप देण्याचा भागच साधारण तीन ते सात दिवसांचा. नंतर मुख्य कर्म, आणि त्यानंतर संसर्जन क्रम, म्हणजे आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग यूष (डाळीचं कढण) असं करत पोट हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणायचं. विरेचनाचा पूर्ण क्रम धरला तर दोन आठवडे सहज जातात. विरेचनाच्या दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या ढाब्यावर मिसळ खाणार असाल तर ते न केलेलं बरं.

शिवाय ऋतू असतो. परंपरेनं वमन वसंतात, विरेचन शरदात आणि बस्ती पावसाळ्यात. म्हणूनच आमच्याकडे बस्तीसाठी येणारे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, बाहेर पाऊस कोसळत असताना, आणि त्यांना फिरायला मिळत नाही याचं काही वाटत नाही.

मग तीन दिवसांत काय? अभ्यंग (तेलाची मालीश), वाफेचा शेक, हवं असेल तर शिरोधारा (कपाळावर तेलाची धार). याला आम्ही विश्रांतीच म्हणतो, 'डिटॉक्स' म्हणत नाही. शरीरातलं विष काढतो असं सांगणाऱ्यांना कुठलं विष ते विचारून बघा. अभ्यंग तिळाच्या तेलानं, तेल कोमट. करणाऱ्या मावशी आधी पितळेची वाटी तळहातावर धरून बघतात, मग तेलाचा एक थेंब तुमच्या मनगटावर, आणि 'सोसतंय नव्हं?' असं विचारूनच पाठीला हात लावतात. बायकांना बायका, पुरुषांना पुरुष, हा नियम. जुने कपडे आणा. तिळाच्या तेलाचा वास ओल्या हवेत टॉवेलला आठवडाभर चिकटून राहतो.

माझ्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद कराव्या लागतील का?

मुळीच नाही. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, मनाच्या आजारावरचं औषध, काहीही स्वतःहून थांबवू नका आणि इथल्या कुणी सांगितलं तरी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. येताना औषधांची यादी आणि अलीकडचे रिपोर्ट आणा. आमचे वैद्य बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी घेतलेले) आहेत, ते आधी तपासतात आणि बऱ्याचदा 'तुम्हाला फक्त चालणं आणि झोप पुरे' असं सांगून मोकळे होतात. गर्भवतींना, ताप असताना, नुकतं ऑपरेशन झालेल्यांना, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्यांना मालीश-शेक करत नाही. पाऱ्याची किंवा इतर धातूंची रसौषधं आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी फार जपावं.

गंभीर आजार बरा करण्यासाठी इथं येऊ नका. त्यासाठी बेळगावात मोठी हॉस्पिटलं आहेत.

जेवायला काय असतं?

जे त्या महिन्यात इथं मिळतं ते. भात हा मुख्य. हा तांदळाचा मुलूख आहे, ज्वारीचा पट्टा पूर्वेकडं सुरू होतो. बेळगावी बासमती पिकवणारे आता थोडेच उरलेत, मिळाला तर सणाला शिजतो, आणि त्या दिवशी वास पार न्हाणीघरापर्यंत येतो. सकाळी नाचणीची आंबील किंवा पोहे, दुपारी भात, आमटी, भाजी, कोकमचं सार, रात्री कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या आणि बांबूचे कोंब. कोंब चिरून पाणी बदलत भिजवावे लागतात, नाहीतर कडू आणि विषारी. वारुळावरची अळंबी फक्त आमच्या अक्कांनी ओळखून आणली तरच शिजते. पाहुण्यांनी रानातून उचलून आणलेली अळंबी आम्ही चुलीपर्यंत येऊ देत नाही.

कुंदा आणि मांडे बेळगाव शहरात खा, जाता-येता. इथं गोड म्हणजे गूळ-खोबरं.

मांसाहार, दारू?

मांसाहार नाही. दारू आणि सिगारेट आवारात नाही. गोव्याकडून येणाऱ्यांना खास सांगणं: तिकडून बाटल्या घेऊन कर्नाटकात येणं हा गुन्हा आहे, कणकुंबीला अबकारी नाका आहे आणि तिथं डिकी उघडायला लावतात. 'फक्त एकच आहे हो साहेब' हे तिथं रोज ऐकतात.

साप? जळवा? वाघ?

जळवा: जून ते सप्टेंबर असणारच. चिकटली तर ओढू नका. मिठाची पुरचुंडी किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटते. चावा दुखत नाही, रक्त मात्र थोडा वेळ थांबत नाही. पहिल्या जळूला सगळे ओरडतात, तिसरीला कुणी नाही.

साप आहेत, हे जंगल आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं आणि झाडावर हिरवा चापडा. रात्री टॉर्च घेतल्याशिवाय पडवीतून उतरू नका, बूट झटकून घाला, लाकडाच्या रचलेल्या ढिगात हात घालू नका. दंश झालाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. हात-पाय न हलवता थेट खानापूरचं सरकारी हॉस्पिटल, आणि गरज पडली तर पुढं बेळगाव. जीप त्यासाठी रात्रंदिवस उभी असते. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, चापड्यावर नाही. त्याच्या दंशावर लक्षणांप्रमाणे उपचार होतात, म्हणून हॉस्पिटल तेव्हाही टळत नाही.

ज्याची कुणी विचारणा करत नाही ती गोष्ट म्हणजे गोचीड. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे माकडताप आढळलेला आहे, आणि तो गोचिडीतून पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. त्या दिवसांत पालापाचोळ्यात बसू-लोळू नका, पूर्ण बाह्या घाला, फिरून आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून कपडे लगेच भिजत टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आम्हाला सांगा. घरी परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात राहून आलो' हे आवर्जून सांगा.

गवे संध्याकाळी शेतात उतरतात. दिसायला शांत, पण अंतर ठेवा. अस्वलाची भीती गावकऱ्यांना वाघापेक्षा जास्त, आणि ती रास्त आहे.

आसपास बघण्यासारखं काय?

हलशीचं कदंबकालीन भूवराह-नरसिंहाचं देऊळ, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी (त्यांना १८३१ मध्ये तिथंच फाशी दिलं), खानापूरजवळ मलप्रभेकाठचं असोगा. वज्रपोहा धबधबा सुंदर आहे, पण वनखात्याच्या हद्दीत. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतात, त्यामुळे परवानगी असेल तरच नेतो. 'थोडं पैसे देऊन जमतंय का बघा की' असं कृपया म्हणू नका.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. शिवकालीन किल्ला आत आहे आणि तिथंही परवानगीशिवाय जाता येत नाही. त्याच जंगलातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे जगात फार थोड्या ठिकाणी सापडलंय. ती गुहा पाहुण्यांना दाखवायची नाही असं आम्ही ठरवलंय. वटवाघळांना पाहुणे नकोत.

मोबाईलला रेंज आहे?

बीएसएनएल थोडं टिकतं, बाकी फाट्यापर्यंत जावं लागतं. वाय-फाय ऑफिसात आहे, निकडीच्या निरोपापुरतं. वर्क फ्रॉम होम करायला येऊ नका.

एकटी बाई येऊ शकते का?

येतात, आणि बऱ्याच जणी पुन्हा येतात. खोलीला आतून भक्कम अडसर, शेजारी कामावरच्या अक्का राहतात. रानात फिरायला मात्र एकट्यानं जायचं नाही, हा नियम पुरुषांनाही.

मुलं, कुत्रा?

आठ वर्षांपुढची मुलं चालतील, मोबाईलशिवाय रमणारी असतील तर अधिक बरं. कुत्रा आणू नका: बिबट्याला तो आवडतो.

वर्षभर चालू असतं का?

गणपतीत बंद. सगळी माणसं आपापल्या घरी असतात आणि त्यांना कामावर बोलावण्याची आमची छाती नाही. शिमग्यालाही दोन-तीन दिवस बंद. तारखा पंचांग बघून कळवतो.

टीप द्यावी का?

एका माणसाच्या हातात देऊ नका. ऑफिसात डबा आहे, महिन्याच्या शेवटी सगळ्यांत सारखी वाटणी होते.

पावसामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळतात?

घाट किंवा पूल बंद असेल तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, तुम्हाला हवं ते. 'फार पाऊस आहे, कंटाळा येईल' या कारणासाठी मात्र परत मिळत नाहीत. येऊन अडकलात आणि परतीचा रस्ता बंद झाला, तर जास्तीच्या रात्रींचं भाडं घेत नाही, जेवणाचं तेवढं घेतो.